पहिला खेळला का?

रेहाना, तुझ्या जियारतीला मी आले आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझं डोकं फिरलं. मयतीचा तिसरा दिवस. नांदेडच्या तुमच्या घरात बायकांच्या खोलीत बसायला जागा नव्हती, आणि जी ती तुझ्याबद्दल असं काही बोलत होती की मला वाटलं, मी चुकून शेजारच्या घरात शिरले. "लई गरीब पोरगी." "वर तोंड करून कुणाला बोलली न्हाई कधी." तू! चांगल्या पगारदार गिऱ्हाइकाला पायरीवरून हाकलणारी तू, वर तोंड करून बोलली नाहीस! मी ओढणी तोंडाला लावली. बायकांना वाटलं, रडतेय. खरं म्हणजे मला हसू आवरत नव्हतं, आणि हसू ओसरल्यावर आलं ते रडू नव्हतं, संताप होता.

मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायची रीत तुमच्यात आणि आमच्यात अगदी सारखी आहे. भोकरकडच्या आमच्या गावात माझे चुलते गेले, तेव्हा ज्यांच्याशी ते बांधावरून जन्मभर भांडले त्यांनीच त्यांना देवमाणूस म्हटलं. तुझ्या वाट्याला मी हे येऊ देणार नाही. तू देवमाणूस नव्हतीस आणि गरीब तर मुळीच नव्हतीस. तू हट्टी होतीस, तुसडी होतीस आणि एका बाबतीत ठार वेडी होतीस. ती बाब म्हणजे पहिला गेम.

तुला सांगायची गरज नाही, पण त्या खोलीतल्या बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही म्हणून लिहिते. तो राक्षस पकडायचा जपानी व्हिडिओ गेम. पंचवीस-तीस वर्षं झाली, संपता संपत नाही. दर दोन-तीन वर्षांनी नवा भाग, आणि प्रत्येक भागात गोष्ट तीच. गावातून एक पोर निघतं, रानावनात हिंडून चित्रविचित्र जनावरं पकडतं, त्यांना पोसतं, दुसऱ्यांच्या जनावरांशी झुंजवतं आणि शेवटी सगळ्यात मोठा पैलवान होतं. आता इतके भाग झालेत की नव्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो, सुरुवात कुठून करू? जगात ह्याची शंभर उत्तरं आहेत. तुझ्याकडे एकच होतं, आणि तेही तू उत्तरासारखं द्यायची नाहीस, फौजदारासारखं विचारायचीस. "पहिला खेळला का?"

तो मुदखेडचा रेल्वेतला बाबू आठवतो? मी त्या दिवशी दुकानात होते. तुमचं घड्याळांचं जुनं दुकान, अर्ध्या भिंतीवर अब्बांची घड्याळं, अर्ध्या भिंतीवर तुझे मोबाईल आणि जुनी गेमची मशीनं. बाबू हातात मोजून पैसे घेऊनच आला होता. म्हणाला, मॅडम, तो नवीन आलाय तो भाग द्या, मशीनसकट द्या. असं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं. तू भिंगातून डोळासुद्धा काढला नाहीस.

"पहिला खेळला का?"

"कोणता पहिला?"

"मग कशाला आलाव? जावा."

अब्बांनी कपाळावर हात मारून घेतला. बाबू बिचारा उभाच. मग तूच खालच्या खणातून जुनं, ओरखडे पडलेलं मशीन काढलंस, त्यात पहिल्या भागाची कॅसेट घातलीस आणि ते त्याच्यासमोर आपटलंस. "पैसे नकोत. हे खेळा. संपल्यावर या. मग नवा देते. न्हाई संपला तर नव्याची तुमची लायकी न्हाई." सरकारी नोकरीतल्या माणसाला तू लायकी काढून दाखवलीस, आणि तो मुकाट्याने घेऊन गेला! तीन आठवड्यांनी दाढी वाढवून परत आला. म्हणाला, मॅडम, त्या अंधाऱ्या गुहेत मी चार दिवसांपासून फिरून राहिलो, वाट सापडत नाही. मी तुला इतकी खूश क्वचित पाहिली होती. त्याला तू चहा पाजलास. वाट मात्र सांगितली नाहीस.

हा वेडेपणा कुठून आला, ते मला माहीत आहे. तुमच्या घराण्यातल्या कामाच्या रीतीतून आला. अब्बा कुणालाही घड्याळाचं काम शिकवायचे तेव्हा मनगटी घड्याळाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी गजराचं मोठं चावीचं घड्याळ. ते पूर्ण उघडायचं, एक-एक चक्र कापडावर मांडायचं आणि पुन्हा बसवायचं. चाळीस वेळा. चाळिसाव्या वेळी गजर वाजला तर पुढचं घड्याळ, नाही तर पुन्हा एकपासून. तू नऊ वर्षांची असताना हे केलंस, असं तू मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असशील. सेलची घड्याळं उघडणाऱ्यांना तू माणसातच धरायची नाहीस. "त्याच्यात काय हाय गं? सेल काढ, सेल घाल. ते तर कुणी बी करतंय." तुझ्या दृष्टीने गेमचे नवे भाग म्हणजे सेलची घड्याळं होती.

मी म्हणायचे, मूर्खपणा आहे हा. पहिला भाग रंगाने फिका, चालीने मंद. त्यातल्या पोराला धावताही येत नाही. पिशवी भरली की काही उचलता येत नाही, कोणतं जनावर कशाला भारी ते कुणी सांगत नाही. नवा माणूस दोन दिवसांत कंटाळून सोडून देईल आणि जन्मात पुन्हा हात लावणार नाही. त्याला आधी गोडी लागू दे, मग जाईल तो मागे. मोबाईल शिकायला कुणी आधी तारघरात जातं का? तू म्हणायचीस, "त्यात कुणी काही सांगत न्हाई, तेच तर चांगलं हाय. नव्यात पावलापावलाला मास्तर उभा. इकडं जा, तिकडं जा, हे दाब. तुमच्या लातूरच्या क्लाससारखं." हे तू मुद्दाम म्हणायचीस. मी लातूरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, पावलापावलाला उभी राहणारी मास्तरीण मीच.

आणि लातूर आपल्या दोघींच्या मध्ये फार आधीपासून होतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

बारावीचं वर्ष. डॉक्टर व्हायचं म्हणून सगळा मराठवाडा लातूरला येतो, तशा आपणही आलो होतो. एका काकूंच्या होस्टेलात दोघींना मिळून एक खोली, एक खिडकी आणि एकच प्लग. मी ट्रंकेत सोळा वह्या आणल्या होत्या. तू ट्रंकेत काय आणलंस, तर दुबईच्या मामूने तुझ्या भावासाठी पाठवलेलं डबीसारखं मिटणारं गेमचं मशीन. भाईजानला ते पोरकट वाटलं म्हणून तुझ्याकडे आलं. आत पहिल्या भागाची कॅसेट होती, पण ती हैदराबादेतून घेतलेली नकली. खेळ चालायचा सगळा, फक्त साठवून ठेवायची सोय नव्हती. मशीन बंद केलं की सगळं गेलं. पुन्हा गाव, पुन्हा पहिलं पाऊल.

दुसरं कुणी असतं तर ती कॅसेट फेकून दिली असती. तू काय केलंस? मशीन बंदच करायचं नाही असं ठरवलंस. दिवसभर चार्जिंगला, लाइट गेली तर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर. झाकण मिटून उशीखाली. झाकणावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून निळ्या पेनाने लिहिलंस, "चालू आहे. बंद करू नये." जणू एसटी स्टँडवरचं पाण्याचं मशीन! माझा मोबाईल चार्ज करायला मला तुझी परवानगी काढावी लागायची. एकोणीस दिवस ते यंत्र आपल्या खोलीत जिवंत होतं. तू जेवण झाल्यावर अर्धा तास आणि आंघोळीला नंबर लागेपर्यंत पंधरा मिनिटं, एवढंच खेळायचीस. झुंजी जिंकल्याचे आठही बिल्ले तुझ्याकडे आले होते. शेवटच्या पैलवानांच्या दारात तू उभी होतीस. "रविवारी संपवते," म्हणालीस.

शनिवारी सराव परीक्षेचे मार्क लागले. फिजिक्समध्ये तू माझ्यापुढे अकरा मार्कांनी होतीस. मी पहाटे चारला उठणारी, तू गेम खेळणारी, आणि तू पुढे.

आता ऐक. सतरा वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही.

दुपारी तू खाली कपडे धूत होतीस. मी तुझी उशी उचलली. त्या पट्टीवरची अक्षरं मी वाचली, अगदी नीट वाचली, आणि मशीनचं बटण सरकवून बंद केलं. मग चार्जरची पिन अर्धवट बाहेर ओढून ठेवली, म्हणजे तुला वाटावं, पिन निघाली आणि बॅटरी संपली. उशी जशी होती तशी ठेवली आणि माझी सेंद्रिय रसायनाची वही उघडून बसले. मनाशी काय म्हटलं ते अजून आठवतं. म्हटलं, हिच्या भल्यासाठी करतेय. परीक्षा तोंडावर आली आणि ही बाई राक्षस पकडतेय. असल्या नीचपणाला "भल्यासाठी" म्हणायला आपण किती लवकर शिकतो! माझ्या वर्गात आज एखाद्या पोरीने असं केलं तर मी तिच्या आईबापांना गावाहून बोलावून घेईन.

तू वर आलीस, हात पुसलेस, मशीन उघडलंस. मी वहीतून मान वर केली नाही. तू म्हणालीस, "पिन निघाली वाटतं." एवढंच. मशीन ट्रंकेत ठेवलंस आणि परीक्षा होईपर्यंत बाहेर काढलं नाहीस.

निकालात मला सीट मिळाली नाही. तुलाही नाही. मग मी कशासाठी केलं होतं ते? मी बीएस्सीला गेले. अब्बांचा हात थरथरायला लागला म्हणून तू दुकानात बसलीस. दोघी कुठेतरी लागलो आणि मैत्री राहिली, माझ्या पोटात ती दुपार धरून. आणि तू त्याच मशीनवर, त्याच नकली कॅसेटवर पुन्हा पहिल्यापासून खेळायला लागलीस. दुकान उघडलं की सुरू करायचीस, गर्दी झाली की बंद. पहिला तास तुला पाठ झाला होता. कितीदा म्हटलं तुला, तुझ्या खणात दहा असली कॅसेटी पडल्यात, साठवून ठेवणारी एक घे की! तू म्हणायचीस, "साठतंय म्हणून लोक बेफिकीर खेळतेत." हे तू कुठल्याशा मोठ्या तत्त्वासारखं बोलायचीस आणि मला चीड यायची. नांदेडभर लोकांना 'पहिला संपवा' म्हणून दटावणारी तू, तुझा स्वतःचा पहिला कधी संपलाच नाही. ढोंगी होतीस तू. आणि तुझ्या ढोंगाचं कारण मी होते, म्हणून तर मला जास्त चीड यायची.

चीड आली की माणूस काय करतं? मी पहिला पगार हातात आल्यावर लातूरच्या दुकानातून नवंकोरं मशीन घेतलं आणि नव्यातला नवा भाग घेतला. मुद्दाम. तुझ्या दुकानातून नाही घेतला, कारण तू दिला नसतास. तीन रविवारांत संपवला आणि तुला फोन केला.

"संपवला मी. सुरुवातही मस्त होती अन् शेवटही."

"काय संपवलंस?"

"गेम. नवा."

"वैशे, त्यात हरता येतंय का तुला? एकदा तरी हरलीस का?"

"नाही. का?"

"मग खेळलीस काय, माती?" आणि फोन ठेवलास. दोन महिने बोलली नाहीस. एका व्हिडिओ गेमवरून दोन पंचविशीतल्या बाया दोन महिने अबोला धरून बसल्या होत्या, हे मी माझ्या कॉलेजात कुणाला सांगू तरी शकते का? शेवटी मीच लोहा-अहमदपूरच्या एसटीने नांदेडला आले, तुझ्या काउंटरवर सीताफळांची पिशवी ठेवली, आणि तू भिंग न काढता म्हणालीस, "पहिला खेळला का?" मी पिशवी परत उचलली. तुला पहिल्यांदा हसू फुटलं. सीताफळं आपण तिथंच उभ्या-उभ्या खाल्ली.

तेव्हापासून तुझं एकच टुमणं होतं. एकदा माझ्यासोबत बस, ह्या मशीनवर, पहिल्यापासून. जास्त न्हाई, पहिला तास. मी कधी बसले नाही. तू म्हणत असशील, वैशी अडेल आहे. अडेल मी आहेच. पण खरं सांगू? त्या मशीनला हात लावायची माझी हिंमत नव्हती. त्याचं बटण माझ्या बोटाला ठाऊक होतं.

दवाखान्यात मी दोनदा आले. दुसऱ्यांदा तू खूप खराब झाली होतीस. उशाशी ते मशीन होतंच, झाकण मिटलेलं, हिरवा दिवा चालू. सलाइनच्या नळीशेजारी चार्जरची वायर. तुझ्या भावाने सिस्टरशी भांडून तो प्लग मिळवला होता म्हणे. तू म्हणालीस, "वैशे, आता तरी पहिला खेळ." मी मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, "आधी बरी हो, मग बघू." असं उत्तर मी फी भरायला उशीर करणाऱ्या पालकांना देते. त्याच क्षणी सांगायचं होतं मला ते दुपारचं. तोंड उघडलंही होतं. मग विचारलं काय, तर जेवण जातंय का. तू मान वळवलीस आणि "लई बेचव हाय" म्हणालीस. तेच आपलं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांच्या भांडणाचा शेवट दवाखान्याच्या खिचडीवर झाला, ह्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही.

जियारत आटोपून निघाले तेव्हा भाईजान मागे आला. बाहेर पुरुषांत तो मुदखेडचा बाबूही उभा होता. ओळख ना पाळख, कोपऱ्यात रुमाल बांधून. खिशातून पहिल्या भागाची कॅसेट अर्धी दिसत होती. परत करायला आणली होती आणि कुणाला द्यावी ते कळत नव्हतं. तिथल्या सगळ्या रडणाऱ्यांत मला त्या एकट्याबद्दल आदर वाटला.

भाईजानच्या हातात तुझं मशीन होतं, चार्जरसकट टॉवेलात गुंडाळलेलं.

"वैशाली बहन, हे तुमचं. चालू हाय. बंद करायचं न्हाई म्हणाली होती, अन् तुमच्याच हातात द्यायचं. दोनदा लाइट गेली, मी इन्व्हर्टरवर ठेवलं."

घरात मयत, आणि ह्या माणसाने इन्व्हर्टरवर खेळणं जपलं! घराणंच वेडं, असं मनात म्हटलं आणि टॉवेल दोन्ही हातांनी घेतला.

एसटीत चार तास ते मांडीवर होतं. उघडलं नाही. अहमदपूरच्या स्टँडवर सगळे चहाला उतरले, मी बसून राहिले आणि फक्त हिरवा दिवा बघितला. बाजूच्या सीटवरच्या आजीने विचारलं, "काय हाय गं त्याच्यात? दागिने?" मी म्हटलं, "मैत्रीण." ती जरा लांब सरकून बसली.

घरी आल्यावर चार्जर लावायला मशीन उलटं केलं. खालच्या अंगाला चिकटपट्टी होती, डॉक्टरी, पांढरी, तसल्याच निळ्या पेनाची. अक्षर वेडंवाकडं होतं, दवाखान्यातलं. लिहिलं होतं, "वैशे, ह्या बारीला बंद करू नको."

ह्या बारीला.

मी पलंगावर बसले. किती तरी वेळाने लक्षात आलं की तुला कळलं कसं, आणि मग स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटली. बॅटरी संपून मशीन बंद पडलं तर बटण चालूच्याच बाजूला राहतं. ते आपोआप सरकत नाही. मी बटण सरकवलं आणि पुरावा म्हणून पिन ओढून ठेवली! घड्याळजीच्या पोरीसमोर, जी नवव्या वर्षी चाळीस वेळा गजराचं घड्याळ जोडून बसली होती. झाकण उघडताक्षणी तुला समजलं असणार. आणि तू म्हणालीस, "पिन निघाली वाटतं."

का म्हणालीस? तिथंच का नाही माझ्या झिंज्या धरल्यास? सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी तू, मुदखेडच्या बाबूची लायकी काढणारी तू, माझ्यापुढेच एवढी मोठी कशी झालीस? मला नको होतं तुझं हे मोठेपण. शिव्या दिल्या असत्यास तर मी उलट दिल्या असत्या, दोघी रडलो असतो आणि सोमवारी विसरून गेलो असतो. त्याऐवजी तू सतरा वर्षं माझी वाट बघत बसलीस, ढोंगी कुठली, आणि मी सतरा वर्षं तुला ढोंगी म्हणत बसले. आता कुणाला विचारू? भाईजानला? त्याला तर पिन कुठली हेही माहीत नाही.

मग झाकण उघडलं.

ज्याने हा गेम खेळलाय त्याला ती खोली माहीत आहे. म्हाताऱ्या प्रोफेसरची प्रयोगशाळा, टेबलावर तीन गोळे. एकात गवताचं जनावर, एकात आगीचं, एकात पाण्याचं. त्यातला एक निवडायचा, तोच तुमचा पहिला जोडीदार. तिथपर्यंत तू खेळून ठेवलं होतंस. निवडलं नव्हतंस. टेबलापाशी पोर उभं होतं आणि त्याचं नाव तू टाकलं होतंस VAISHU. शेजारी दुसरं पोर उभं, खेळभर तुमच्याशी स्पर्धा करणारं. त्याचंही नाव सुरुवातीलाच द्यावं लागतं. तिथं होतं REHANA.

सलाइनच्या हाताने तू ती सगळी अक्षरं एक-एक शोधून टाकलीस. म्हणजे "आता तरी पहिला खेळ" म्हणालीस तेव्हा खेळ सुरू करून ठेवला होतास. मी खिचडीबद्दल विचारलं.

रडले. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस.

मग मला आपलं जुनं भांडण आठवलं. नव्या माणसाने गवताचंच घ्यावं, सुरुवात सोपी जाते, असं तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचीस. मी तुझ्या नाकावर टिच्चून आगीचं घेतलं. मेलीस म्हणून मी तुझं ऐकेन असं वाटलं होतं का?

पण ह्या पहिल्या भागाची एक खोड तू मला कधी सांगितली नव्हतीस. शेजारचं पोर तुम्हाला आधी निवडू देतं. तुम्ही निवडलंत की ते पुढे होतं आणि तुमच्या जनावराला जे भारी पडेल तेच उचलतं. REHANA टेबलापाशी गेली आणि तिनं पाण्याचं उचललं. मी दाराकडे वळले तर तिनं अडवलं आणि तिथल्या तिथं झुंज मागितली.

मी दहा वर्षं पोरांना शिकवतेय, नवा भाग तीन रविवारांत संपवलाय. त्याचा इथे काही उपयोग झाला नाही. कोणतं बटण काय करतं ते कुणी सांगितलंच नाही, पावलापावलाला मास्तर नव्हता. चार वारांत माझं जनावर आडवं झालं.

हरले, रेहाना. तुझ्याकडून. पहिल्याच झुंजीत.

गेम तिथे संपत नाही म्हणे, हरलं तरी पुढे जाता येतं. आता दार उघडं आहे आणि VAISHU बाहेर उभी आहे. मशीन चार्जिंगला आहे, माझ्या ह्या खोलीतही एकच प्लग आहे, तो मी त्याला दिलाय, आणि माझा मोबाईल केव्हाचा बंद पडलाय.